कच्च्या कागदांतला ट्युरिंग

ॲलन ट्युरिंग हे नाव मराठी वाचकाला आता नवं राहिलेलं नाही. 2014 च्या ‘द इमिटेशन गेम’ या चित्रपटाने ते घरोघरी पोचवलं. मोबाइलवर यंत्राशी गप्पा मारायची सोय झाल्यापासून ‘ट्युरिंग टेस्ट’ हा शब्द रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून डोकावतो. आणि अभियांत्रिकीला ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ हा विषय असलेल्या मुलांना ट्युरिंग मशिनची आकृती काढून मार्क मिळवावे लागतात. पडद्यावरचा एकलकोंडा, पुरवणीतला भविष्यवेत्ता आणि प्रश्नपत्रिकेतला आकृतीवाला, असे तीन ट्युरिंग आपल्याकडे नांदतात आणि तिघांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. खुद्द ट्युरिंगने लिहिलेलं पान मात्र यांपैकी कुणामुळेच आपल्या हाती पडत नाही.

या संग्रहात त्याची ती पानं आहेत. छापील निबंध थोडे. अहवाल, व्याख्यानं, छोटी टिपणं आणि एका सूचनापुस्तिकेतले उतारे जास्त. त्याच्यावर मराठीत चरित्र लिहिणं तुलनेने सोपं होतं. त्यात युद्ध आहे, गुपितं आहेत, सरकारने केलेला अन्याय आहे, अकाली मृत्यू आहे; वाचक खिळून राहतो. पण चरित्र वाचून संपलं तरी हा माणूस टेबलाशी बसून नेमकं काय करायचा, हे काही कळत नाही. ते कळायला त्याचे कागदच उघडावे लागतात. आणि कागद म्हटले की निवड आली, निवड म्हटली की वाद आला.

वाद जुनाच आहे. त्याच्या समग्र लेखनाचे इंग्रजी खंड 1992 ते 2001 या काळात चार भागांत निघाले: शुद्ध गणित, यांत्रिक बुद्धी, जीवांच्या आकारांची घडण आणि गणिती तर्कशास्त्र. अभ्यासकांची त्याने मोठी सोय झाली, पण एका माणसाची चार खात्यांत वाटणीही झाली. 2004 मध्ये जॅक कोपलंड यांनी ‘द इसेन्शियल ट्युरिंग’ हा संग्रह केला. कोपलंड तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्या निवडीत तर्कशास्त्र, बुद्धीचा प्रश्न आणि एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राची कहाणी यांना मानाचं पान मिळालं, हे ओघानेच आलं. 2013 च्या कूपर आणि व्हॅन लेवेन यांच्या जाडजूड ग्रंथात प्रत्येक लेखाभोवती आजच्या तज्ज्ञांची भाष्यं उभी केली आहेत; त्या गर्दीत कधीकधी मूळ लेखकच दिसेनासा होतो. आम्ही सरळ कालक्रम धरला. निवडीची कसोटीही एकच ठेवली: काम करणारा हात ज्यात दिसतो तो कागद घ्यायचा, मग तो अपुरा असो की चुकांनी भरलेला.

ही कसोटी लावल्यावर एक गोष्ट आपसूक वर आली. एखादं काम इतक्या बारीक पायऱ्यांत कसं मोडायचं की ते करणाऱ्याला स्वतःची अक्कल चालवायची गरजच पडू नये, आणि ते बरोबर झालं की नाही हे दुसऱ्या कुणाला कसं पडताळता यावं, हा एकच प्रश्न ट्युरिंग जन्मभर वेगवेगळ्या वेषांत विचारत राहिला. या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाची कीर्ती जगभर झाली. दुसरा अर्धा भाग जवळजवळ दुर्लक्षित राहिला. आमची निवड त्या दुसऱ्या भागाकडे झुकलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आयुष्याची हकिगत थोडक्यात. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी. आजोळ स्टोनी घराणं. आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत मुख्य अभियंता आणि आईचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. ॲलन 23 जून 1912 रोजी लंडनमध्ये जन्मला. आईवडील नोकरीपायी भारतात, मुलं इंग्लंडात परक्या कुटुंबाकडे, असं त्याचं बालपण गेलं. 1931 मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि 1935 मध्ये तिथेच फेलो झाला. पुढे जयंत नारळीकर ज्या कॉलेजचे फेलो होते, तेच हे. 1935 मध्येच ट्युरिंगने मॅक्स न्यूमन यांची गणिताच्या पायाविषयीची व्याख्यानं ऐकली आणि डेव्हिड हिल्बर्ट यांचा एक प्रश्न त्याच्या डोक्यात बसला: कोणतंही गणिती विधान दिलं तर ते सिद्ध होण्याजोगं आहे की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असू शकते का?

1936 च्या निबंधाने उत्तर दिलं: नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी काही आठवडे आधी वेगळ्या वाटेने हेच उत्तर काढलं होतं. तरी जगाने लक्षात ठेवला तो ट्युरिंगचा निबंध, कारण त्यात ‘यांत्रिक रीत’ म्हणजे काय हे डोळ्यांसमोर उभं राहतं. चौकटीच्या वहीवर आकडे मांडणारा माणूस घ्या. त्याला एका वेळी फार थोड्या चौकटी दिसतात, त्याच्या मनाच्या अवस्था मोजक्या आहेत, आणि दिसलेलं चिन्ह व मनाची अवस्था एवढ्यावरून पुढची कृती ठरते. वहीच्या जागी एक लांबलचक फीत ठेवली की झालं यंत्र. निबंधातलं पहिलं यंत्र अवघ्या चार अवस्थांचं आहे. ते एक घर सोडून एक 0 आणि 1 आळीपाळीने छापत जातं आणि कधीच थांबत नाही. दुहेरी अंकपद्धतीत तो 1/3 हा अपूर्णांक होतो. शाळकरी मुलालाही हे चौकटीच्या कागदावर चालवून बघता येतं. मग काही पानांनंतर तो असं एक यंत्र रचतो की ज्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचं वर्णन दिलं तर ते त्या यंत्रासारखं वागेल. आज एकाच फोनवर पंचांगही दिसतं आणि पैसेही पाठवता येतात, त्याचं तत्त्व या पानांत आहे.

आम्ही हा निबंध पूर्ण घेतलेला नाही. सुरुवातीची कलमं आणि त्या सर्वक्षम यंत्राचं वर्णन घेतलं, पुढची तांत्रिक सिद्धता वगळली. वाचकाने एवढं मात्र लक्षात ठेवावं की त्या वर्णनात बारीकसारीक चुका आहेत. ट्युरिंगने 1937 मध्ये काही स्वतःच दुरुस्त केल्या. एमिल पोस्ट यांनी 1947 मध्ये आणखी दाखवल्या. पुढे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस या तरुण सहकाऱ्यालाही काही सापडल्या. जगातला पहिला सर्वसाधारण प्रोग्राम कागदावर उतरला तो असा, दोषांसकट. त्या चुका आम्ही मजकुरात गुपचूप सुधारल्या नाहीत. पोरांनी शोधाव्यात.

युद्धाचं पर्व इथे मुद्दाम आखूड ठेवलं आहे. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतफोड केंद्रात ट्युरिंग 4 सप्टेंबर 1939 रोजी रुजू झाला. त्याआधी जुलैत पोलंडच्या तज्ज्ञांनी वॉर्सॉजवळ एनिग्माबद्दलची आपली सगळी कमाई ब्रिटिश आणि फ्रेंच सहकाऱ्यांच्या हवाली केली होती. त्या तज्ज्ञांतल्या मारियान रेयेव्हस्की यांचं नाव आपल्याकडे अजून कमी लोकांना ठाऊक आहे, ते ठाऊक व्हायला हवं. एनिग्माचे संकेत फोडण्यासाठी ट्युरिंगने आखलेल्या ‘बॉम्ब’ यंत्राला गॉर्डन वेल्चमन यांनी महत्त्वाची सुधारणा सुचवली, आणि ती यंत्रं बनवली ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन या कंपनीने. जाता जाता एक नोंद: भारतात आलेला पहिला डिजिटल संगणक, 1955 मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बसवलेला एचईसी-2एम, तोही याच कंपनीचा. चित्रपट बघून आलेल्यांना वाटतं की ट्युरिंगने गोदामात एकट्याने यंत्र जोडलं. तसं काही झालं नव्हतं.

ऑक्टोबर 1945 मध्ये तो नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला आणि वर्ष संपायच्या आत एका इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचा प्रस्ताव लिहून मोकळा झाला. यंत्राचं नाव पुढे एसीई पडलं, खर्चाचा अंदाज 11,200 पौंड. हा अहवाल मला संग्रहातला सर्वांत चविष्ट कागद वाटतो. सरकारी कचेरीसाठी लिहिलेला, आणि तरी खोडकर. यंत्र कोणकोणती कामं करील याची यादी दिली आहे. त्यात तोफांच्या माऱ्याची कोष्टकं आहेत, समीकरणांचे संच आहेत. आणि मग मध्येच एक काम येतं: सैन्यातून जून 1946 मध्ये सुटणारे खाटीक किती, हे लष्करी नोंदींच्या कार्डांवरून मोजणं. ट्युरिंग म्हणतो, यंत्राला हे जमेल, पण ते त्याला देऊ नये. कार्डं वाचण्यातच सगळा वेळ जाईल, त्यापेक्षा नेहमीची कार्डं मोजणारी यंत्रं बरी. नवं यंत्र कशासाठी वापरू नये हे प्रस्तावातच लिहिणारा शास्त्रज्ञ विरळा. मोठ्या कामातून छोट्या उपकामाकडे जाताना परतीचा पत्ता एका ठिकाणी ‘पुरून’ ठेवायचा आणि काम झाल्यावर ‘उकरून’ काढायचा, ही युक्तीही याच अहवालात आहे. आजचे प्रोग्रामर ज्याला स्टॅक म्हणतात, ते हेच.

प्रयोगशाळेच्या संथ कारभारात यंत्र काही लवकर उभं राहिलं नाही. त्याची छोटी आवृत्ती मे 1950 मध्ये चालू झाली, तोवर ट्युरिंग मँचेस्टरला निघून गेला होता. जाताना त्याने 1948 मध्ये बुद्धिमान यंत्रांवर एक अहवाल दिला. संचालक चार्ल्स डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनचे नातू, यांना तो शाळकरी निबंधाच्या तोडीचा वाटला. तो छापला जायला आणखी वीसेक वर्षं लागली. शिकून घडत जाणाऱ्या, आधी विस्कळीत असलेल्या यंत्रांची कल्पना त्यात आहे. आज ज्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याच्याशी तिचं नातं स्पष्ट दिसतं.

आता ज्या टिपणासाठी हा संग्रह करावासा वाटला त्याकडे येतो. 24 जून 1949 रोजी केंब्रिजला संगणकांवरच्या एका परिषदेत ट्युरिंगने ‘चेकिंग अ लार्ज रूटीन’ हे जेमतेम तीन पानांचं टिपण वाचलं. प्रश्न साधा: मोठा प्रोग्राम बरोबर आहे याची खात्री कशी करायची? तो बेरजेपासून सुरुवात करतो. 1374, 5906, 6719, 4337 आणि 7768 यांची बेरीज 26104. नुसतं उत्तर समोर ठेवलं, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका बैठकीत पुन्हा करावी लागते, कारण हातचे कुठून कुठे गेले ते कागदावर नाही. पण प्रत्येक स्तंभाची बेरीज वेगळी लिहिली, एककांची 34, दशकांची 17, शतकांची 29, हजारांची 23, की काम वाटून देता येतं. एकाने एककं तपासावीत, दुसऱ्याने दशकं. शेवटची छोटी बेरीज तिसऱ्याने. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही तसंच करावं, असं तो सांगतो. अमुक टप्प्यावर आल्यावर अमुक खणात अमुक किंमत असलीच पाहिजे, अशी विधानं त्याने जागोजागी करून ठेवावीत. म्हणजे तपासणाऱ्याला प्रत्येक तुकडा सुटा पडताळता येईल आणि सगळे तुकडे खरे ठरले की प्रोग्राम खरा.

उदाहरण त्याने घेतलं गुणाकार न वापरता, नुसत्या बेरजांनी फॅक्टोरियल काढण्याचं. एक प्रश्न मात्र उरतो: यंत्र कधीतरी थांबेल कशावरून? त्यासाठी दर पायरीला घटत जाणारी एखादी राशी दाखवावी, असं तो सुचवतो आणि इथे गंमत करतो. आधी अनंतापलीकडच्या क्रमसंख्यांत ती राशी मांडतो, म्हणजे 1938 मध्ये प्रिन्स्टनला डॉक्टरेटसाठी ज्यांवर काम केलं होतं त्या संख्यांत. आणि मग इतकं भारदस्त नको असेल त्यांच्यासाठी दोनच्या घातांनी बनलेला साधा पूर्णांक देतो. अत्यंत अमूर्त तर्कशास्त्र आणि कारकुनी तपासणी एकाच पानावर शेजारी बसलेली इथे दिसतात. टंकलिखित प्रतीत चिन्हांचे इतके घोळ झाले होते की मॉरिस आणि जोन्स यांनी 1984 मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा छापेपर्यंत टिपण नीट वाचणंही कठीण होतं. तोवर रॉबर्ट फ्लॉइड यांनी 1967 मध्ये आणि टोनी होर यांनी 1969 मध्ये याच धर्तीच्या पद्धती मांडल्या होत्या आणि त्यांवर एक अख्खी शाखा उभी राहिली होती.

पडताळणीचा हा ध्यास किती खरा होता, हे झीटा फलनावरच्या गणितात दिसतं. जून 1950 मध्ये मँचेस्टरचं यंत्र दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालवून ट्युरिंगने रीमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाची एका टापूत तपासणी केली. यंत्र मध्येच बंद पडलं. शिवाय 1608 पर्यंतचा जो टापू तपासून झाला होता, तिथे चुकीची किंमत वापरली गेल्याचं नंतर लक्षात आलं. मग त्याने छापील लेखात स्वच्छ लिहिलं की खात्रीने सांगता येईल ते 1540 पर्यंतचंच. निकाल किरकोळ, पण मी तरुण संशोधकांना हा परिच्छेद पाठ करायला लावीन. त्याच यंत्राची सूचनापुस्तिका त्याने लिहिली, तिच्यातले उतारे वाचताना मात्र त्याचा राग येतो. आकडे 32 च्या पायात, तेही उलट्या क्रमाने, आणि शून्यासाठी तिरकी रेघ. सगळा प्रोग्राम तिरक्या रेघांनी भरलेला. त्याला हे सोपं जायचं, म्हणून इतरांनाही जाईल असं तो धरून चालला.

संगणकाच्या इतिहासात ट्युरिंगची जागा कुठली, यावर जाणकारांची दोन-तीन घराणी आहेत. पहिलं घराणं यंत्र उभारणाऱ्यांचं. त्यांच्या लेखी कथा सुरू होते फिलाडेल्फियाच्या एनियॅकपासून, एकर्ट आणि मॉकली यांच्यापासून. 1973 मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनियॅकचं पेटंट रद्द करून श्रेय अटॅनासॉफ यांच्याकडे वळवलं तो खटला याच घराण्यातला. ब्रिटनचं युद्धकाळातलं काम तोवर गुप्त असल्याने ट्युरिंग या कथेत जवळजवळ नव्हताच. ब्रायन रँडल यांचा 1972 चा लेख, 1974 मध्ये फुटलेलं ‘अल्ट्रा’चं, म्हणजे ब्लेचलीतल्या संकेतफोडीचं, गुपित आणि 1983 चं अँड्र्यू हॉजेस यांचं चरित्र यांनी पारडं फिरवलं. मग दुसरं घराणं पुढे आलं, तर्कशास्त्रज्ञांचं. मार्टिन डेव्हिस यांच्या मांडणीत संगणक हे लाइबनिझपासून चालत आलेल्या विचाराचं फळ आणि 1936 चा निबंध त्याचं बी. अलीकडे थॉमस हेग यांच्यासारखे इतिहासकार विचारतात, ज्यांनी प्रत्यक्ष यंत्रं बांधली त्यांच्यातल्या कितींनी तो निबंध वाचला होता?

प्रश्न रास्त आहे. जॉन फॉन नॉयमन यांना निबंध माहीत होता, पण जून 1945 च्या त्यांच्या गाजलेल्या अहवालात ट्युरिंगचं नाव नाही. उलट ट्युरिंगचा एसीईचा प्रस्ताव सांगतो की फॉन नॉयमन यांचा अहवाल सोबत वाचावा. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून होती आणि ‘संगणकाचा जनक’ ही पदवी कुणा एकाला बहाल करण्यात अर्थ नाही. आम्ही ती या पुस्तकात कुठेच वापरलेली नाही.

आज हे का वाचायचं? 1950 च्या ‘माइंड’ त्रैमासिकातल्या निबंधात ट्युरिंगने अंदाज केला होता की पन्नासेक वर्षांत पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला यंत्र ओळखण्याची शक्यता सत्तर टक्क्यांहून जास्त राहणार नाही. त्या निबंधाचा इतका गवगवा झाला आहे की तो वगळावा असं एकदा मनात आलं. शेवटी घेतला, पण शेजारी जानेवारी 1952 ची बीबीसीवरची चर्चा ठेवली, ज्यात कसोटीचं रूप बदलून पंचांचं मंडळ आलं आहे. दोन्ही एकत्र वाचली की हा नियमपुस्तकातला नियम नव्हे, गप्पांतून घडत असलेली कल्पना आहे, हे ध्यानात येतं. पण माझ्या मते आजच्या घडीला जास्त उपयोगी आहेत दुसरे दोन कागद. 1947 च्या लंडनच्या व्याख्यानात तो म्हणतो की यंत्राकडून कधीच न चुकण्याची अपेक्षा केली तर त्याच्याकडून बुद्धीची अपेक्षा करता येणार नाही. आणि हेही सांगतो की यंत्राला आज्ञा लिहून देणाऱ्या तज्ज्ञांची जागा यंत्र घेऊ लागलं, की ते तज्ज्ञ आपल्या कामाभोवती गूढ भाषेचं कुंपण घालतील. दुसरा कागद अर्थात 1949 चा. आता प्रोग्राम यंत्रच लिहून देतं आणि तपासायचं काम पुण्या-बंगळुरूतल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या गळ्यात पडतं. तो अभियंता तेव्हा जे करत असतो, त्यावरचं पहिलं टिपण हे आहे.

ट्युरिंगचं शेवटी काय झालं ते वाचकाला ठाऊक असेल. समलैंगिक संबंधांबद्दल 1952 मध्ये त्याला दोषी ठरवण्यात आलं, तुरुंगाऐवजी हार्मोनची इंजेक्शनं त्याला घ्यावी लागली आणि 7 जून 1954 रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी 2009 मध्ये सरकारतर्फे माफी मागितली, 2013 मध्ये राणीने त्याची शिक्षा माफ केली. या सगळ्यात त्याचे कागद पांगले. गणिताचे कागद त्याचा शिष्य आणि मित्र रॉबिन गँडी यांच्याकडे गेले आणि 1977 मध्ये किंग्ज कॉलेजला मिळाले. एक वही तेवढी गँडी यांनी ठेवून घेतली, कारण तिच्या कोऱ्या पानांवर त्यांनी स्वतःची स्वप्नं लिहून ठेवली होती; 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. ब्लेचलीतले दोन गणिती लेख ब्रिटिश गुप्तहेर खात्याने 2012 मध्ये खुले केले. 2017 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या एका जुन्या कपाटातून त्याचा शे-दीडशे पत्रांचा गठ्ठा निघाला.

संग्रहाबाहेर जे राहिलं त्याबद्दल दोन शब्द. 1952 चा आकारघडणीवरचा निबंध, म्हणजे रसायनांच्या पसरण्यातून प्राण्यांच्या अंगावर ठिपके-पट्टे कसे उमटू शकतात यावरचा, आम्ही घेतला नाही. त्याची समीकरणं सोपी करताना निबंधाचा जीवच जात होता. पानांच्या आणि सूर्यफुलाच्या मांडणीतल्या फिबोनाची संख्यांवर तो अखेरपर्यंत काम करत होता, ते अर्धवट कागदही राहिले. ते काम वनस्पतिशास्त्र आणि गणित अशा दोन्ही विषयांत मुरलेल्या संपादकाचं आहे. कुणी मनावर घेतलंच, तर किंग्ज कॉलेजातल्या बऱ्याच पानांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात. अक्षर वाईट आहे, पण सवयीने लागतं.